‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ : घरं वाचली की माणसं कळतात

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ३६ हप्त्यांत छापून आली आणि १८६१ मध्येच तीन खंडांचं पुस्तक झाली. एकूण ५९ प्रकरणं: पहिल्या टप्प्यात १९, पुढच्या दोन्हींत वीस-वीस. केंट परगण्यातल्या दलदलीच्या काठी मोठी बहीण आणि लोहारकाम करणारा मेव्हणा जो यांच्याकडे वाढणारा पोरका पिप, अचानक कुणा अज्ञात माणसाने त्याच्यासाठी ठेवलेला पैसा, ‘जंटलमन’ होण्यासाठी लंडनला जाणं, आणि तो पैसा नेमका कुणाचा हे कळल्यावर पायाखालची जमीन सरकणं, एवढं कथानक. ज्यांना रहस्य राखून ठेवायचं आहे त्यांनी आधी कादंबरी वाचावी. पुढे ते उघड केलं आहे.

रहस्य फुटल्यावरही ही कादंबरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना अधिकच देते, आणि त्याचं मोठं कारण तिच्यातल्या जागा हे आहे. पात्राचा स्वभाव सांगण्याआधी डिकन्स त्याचं दार, जिना, खिडकी, शेकोटी दाखवतो. असं बरेच कादंबरीकार करतात. इथली खुबी अशी की प्रत्येक जागा पिप सांगतो, त्यामुळे राहणाऱ्याबरोबर पाहणाराही त्या वर्णनात उतरतो. शिवाय पाहणारा पिप पोर किंवा तरुण आहे आणि सांगणारा पिप प्रौढ. म्हणजे एका खोलीत तीन माणसं असतात: घरमालक, त्या वेळचा पिप आणि पोळल्यावर शहाणा झालेला पिप. ती तिन्ही वेगवेगळी ओळखायला यायला हवीत. एरवी ‘अंधारं घर म्हणजे दुःखी बाई’ एवढंच हाती लागतं, आणि एवढ्यासाठी पावणेदोन लाखांहून अधिक शब्द वाचायचं कारण नाही.

सुरुवात दफनभूमीत होते. पिपने आईवडिलांना पाहिलेलं नाही. थडग्याच्या दगडावरच्या अक्षरांच्या वळणावरून तो ठरवतो की वडील चौकोनी बांध्याचे, जाडसर, काळ्या कुरळ्या केसांचे असणार, आणि आई चेहऱ्यावर ठिपके असलेली, आजारी. शेजारी दीड-दीड फुटाचे पाच लहान दगड आहेत, पाच मेलेल्या भावांचे. ती पोरं पाठीवर पडून, विजारीच्या खिशात हात घालूनच जन्माला आली असावीत अशी त्याची पक्की समजूत आहे. (केंटमधल्या कूलिंग गावच्या चर्चच्या आवारात असे लहान दगड खरोखर आहेत, आणि ते तेरा आहेत. कादंबरीत पाचच घेतले आहेत.) वाचकाला यात गंमत वाटते आणि तो पुढे जातो. पण पुढची अख्खी कादंबरी याच सवयीवर उभी आहे. पिप दगडाच्या बाह्यरूपावरून आत कोण आहे ते ठरवतो. पुढे मिस हॅविशॅम या श्रीमंत, एकाकी बाईचा वाडा पाहून आपला आश्रयदाता कोण हेही तो असंच ठरवतो, आणि ती चूक त्याला आयुष्यभर पुरते.

त्याच प्रकरणाच्या शेवटी दलदलीचं चित्र आहे: आडवी काळी रेघ म्हणजे जमीन, दुसरी आडवी रेघ म्हणजे नदी, लाल-काळ्या पट्ट्यांचं आकाश, आणि उभ्या फक्त दोन गोष्टी. एक खलाशांसाठीचा निशाणीचा खांब, दुसरा कधीकाळी एका चाच्याचं प्रेत साखळीत टांगलेला फाशीचा खांब. पळालेला कैदी मॅग्विच लंगडत दुसऱ्या खांबाकडे निघतो. त्याच्या अख्ख्या आयुष्याचा नकाशा या एका चित्रात आहे. समाजाने त्याच्यासाठी तेवढीच उभी वस्तू राखून ठेवलेली आहे. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठची खाजणं, त्यांचे बांध आणि पाणी सोडायच्या मोऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा भूभाग डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. सपाट, ओला, लपायला जागा नसलेला आणि तरी धुकं पडलं की सगळं लपवणारा.

धुक्याचं काम तिसऱ्या प्रकरणात पाहावं. बहिणीच्या कोठीतून चोरलेलं खाणं घेऊन पिप पहाटे कैद्याकडे निघतो, तेव्हा फाटकं, बांध, चर सगळे धुक्यातून त्याच्या अंगावर धावून येतात आणि ‘चोर, पकडा’ असं ओरडतात. गळ्याशी पांढरा पट्टा असलेला एक काळा बैल त्याच्याकडे पाद्र्यासारखा पाहतो, आणि पिप त्याला रडत सफाई देतो की हे माझ्यासाठी नव्हतं. दलदल तीच आहे, फक्त पोराच्या मनातली टोचणी तिच्यावर पसरली आहे. मुळात सज्जन असलेलं, स्वतःला फार लवकर अपराधी ठरवणारं पोर कसं असतं हे सांगायला डिकन्सने इथे मनोविश्लेषणाचं एकही वाक्य वापरलेलं नाही. फाटकं आणि बैल पुरले.

आता लोहारशाळा. हिच्या वर्णनात एक मोजमाप दडलेलं आहे आणि ते चौदाव्या प्रकरणात उघड होतं. पिप सांगतो की एके काळी आपल्याला घरची बैठकीची खोली मोठी शानदार वाटायची, पुढचं दार म्हणजे एखाद्या देवळाचा महाद्वार, स्वयंपाकघर साधं पण नीटस, आणि भट्टी म्हणजे मोठं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा झगमगता रस्ता. एका वर्षात हे सगळं त्याला ओबडधोबड, हलकं वाटायला लागलं. घराची वीटही हललेली नाही. फक्त मधल्या काळात पिप मिस हॅविशॅमच्या वाड्यावर जाऊन आला आहे आणि तिने वाढवलेल्या एस्टेला या मुलीने त्याच्या खरखरीत हातांवर आणि जाड बुटांवर बोट ठेवलं आहे. घराची लाज वाटणं ही फार वाईट गोष्ट असते, असं प्रौढ पिप त्याच प्रकरणात सरळ म्हणतो. जागेचं वर्णन बदललं की पाहणारा किती बदलला ते कळतं. हे तंत्र शिकायचं असेल तर या एका परिच्छेदाइतका चांगला नमुना मिळणं कठीण आहे.

मिस हॅविशॅमचा सॅटिस हाउस हा वाडा सगळ्यांना माहीत असतो, निदान ऐकून तरी. लग्नाच्या दिवशी नऊला वीस मिनिटं असताना नवऱ्या मुलाचं पत्र आलं, त्या मिनिटाला घरातली सगळी घड्याळं थांबवली. पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख, एकच बूट पायात, दुसऱ्या पायातला टेबलावर, अर्धवट भरलेल्या पेट्या, टेबलावर कोळ्यांनी व्यापलेला केक. ही यादी शाळकरी टिपणांतही असते. तिच्यापेक्षा आठव्या आणि अकराव्या प्रकरणातले कमी गाजलेले तपशील अधिक बोलतात.

एक, प्रवेश. खिडक्या काही विटांनी बुजवलेल्या, काहींना गंजलेले गज. पुढच्या दाराला बाहेरून दोन साखळ्या. आत जायचं ते बाजूच्या दाराने. बाहेरचं जग नको म्हणून माणूस आतून कडी लावतो. इथे साखळ्या बाहेरून आहेत. घरातल्या बाईने घराला कैदी करून ठेवलं आहे आणि स्वतः त्या कैदखान्यात राहते आहे.

दोन, बिअरचा बंद कारखाना. वाड्याला लागून असलेल्या या कारखान्यात घोडे नाहीत, डुकरं नाहीत, कबुतरं नाहीत, धान्याचा वास नाही. मिस हॅविशॅमच्या बापाचा पैसा इथून आला. सरंजामी थाट वाटतो तो खरं तर कारखानदाराचा आहे. पिपला हे दिसतं पण कळत नाही. मेव्हणा लोहार, हाताने कमावतो म्हणून त्याची लाज, आणि ज्या घराला तो स्वर्ग समजतो तेही धंद्यावरच उभं. वाचकाने हा जोड लावावा म्हणूनच कारखान्याला इतकी जागा दिली आहे, आणि घाईच्या वाचनात हाच भाग हमखास सुटतो.

तीन, मेणबत्ती. एस्टेला पिपला अंधाऱ्या बोळांतून मेणबत्ती धरून नेते, खोलीच्या दाराशी ‘आत जा’ म्हणते आणि मेणबत्ती घेऊन निघून जाते. पिपला अंधारात सोडणं हे तिचं पहिलं ठळक कृत्य आहे. हे लक्षात ठेवावं, पुढे त्याला जोड मिळणार आहे.

चार, धूर. अकराव्या प्रकरणात केकच्या खोलीतली शेकोटी नुकतीच पेटवलेली आहे. ती पेट घेण्यापेक्षा विझायलाच अधिक राजी आहे आणि तिचा धूर पिपला दलदलीवरच्या धुक्यासारखा वाटतो. म्हणजे श्रीमंत घराच्या मधोमध कैद्याच्या दलदलीची हवा आहे. या दोन जागांचा संबंध काय, याचं उत्तर (एस्टेला ही त्या कैद्याचीच मुलगी) वाचकाला पन्नासाव्या प्रकरणात मिळतं. खूण मात्र अकराव्यातच केलेली आहे.

याच भागात पिप स्वतः एक जागा रचतो, आणि ती कादंबरीतली सगळ्यात बोलकी जागा आहे. पहिल्या भेटीनंतर घरी आल्यावर बहीण आणि जोचा काका पंबलचूक त्याला खोदून खोदून विचारतात. तेव्हा तो थापा मारतो: मिस हॅविशॅम खोलीतच काळ्या मखमली गाडीत बसली होती, सोन्याच्या ताटल्यांत केक आणि वाइन, आणि चार प्रचंड कुत्रे चांदीच्या टोपलीतून मांसाच्या तुकड्यांसाठी भांडत होते. हे कुत्रे कुठून आले? त्याच दिवशी वाड्याच्या अंगणात एस्टेलाने बिअरचा पेला फरशीवर ठेवला आणि भाकरी-मांस त्याच्याकडे न पाहता, एखाद्या हाकललेल्या कुत्र्याला द्यावं तसं दिलं. पोराने त्या अपमानाला चांदीची टोपली दिली आणि कुत्र्याला प्रचंड केलं. अपमान झाकायला वैभव उभं करायचं, हा लंडनमधला पिप इथे पूर्ण घडलेला दिसतो. आठवं आणि नववं प्रकरण सलग, एका बैठकीत वाचावं. मध्ये दिवस गेला तर हा दुवा निसटतो.

दुसऱ्या टप्प्यात लंडन येतं आणि जागांची गर्दी होते. स्मिथफील्डचा गुरांचा बाजार, त्याची घाण, चरबी, रक्त अंगाला चिकटल्यासारखं वाटणं, आणि तिथून वळलं की न्यूगेटचा तुरुंग. मोठ्या आशा घेऊन आलेल्या पोराचं राजधानीत स्वागत असं होतं. पुढे बार्नर्ड्स इन ही बिऱ्हाडांची जुनी वास्तू, जिथे जागोजागी ‘भाड्याने देणे’च्या पाट्या आहेत आणि पिपचा सोबती हर्बर्ट पॉकेट याच्या जिन्यातली खिडकी तुटलेल्या दोऱ्यांमुळे पिपच्या मानेवर पडता पडता राहते. हर्बर्टची खोली गरीब आहे, सामान भाड्याचं आहे, आणि तो ते दडवत नाही. कॉव्हेंट गार्डनमधून पिपसाठी फळं आणतो, आपलं जेवढं आहे तेवढं मोकळेपणाने पुढे करतो. हर्बर्टबद्दल इतकं पुरे, कारण खरा मुक्काम वकील जॅगर्स आणि त्याचा कारकून वेमिक यांच्याकडे आहे.

जॅगर्सच्या कचेरीला उजेड फक्त छतातल्या झरोक्यातून येतो, तोही फुटक्या डोक्यासारखा ठिगळलेला, आणि शेजारची घरं आत डोकावायला मान वाकडी करून उभी आहेत असं पिपला वाटतं. जॅगर्सची खुर्ची काळ्या घोडकेसांची, पितळी खिळ्यांच्या रांगांनी शवपेटीसारखी. समोरची भिंत अशिलांच्या खांद्यांनी तेलकट झालेली. या शेवटच्या तपशिलाचं मोल मोठं आहे. खोली लहान, जॅगर्स पुढे सरसावणारा, अशील मागे सरकत भिंतीला टेकणारं. ही हालचाल रोज, वर्षानुवर्षं झाली तेव्हा भिंतीवर डाग पडला. जॅगर्स दरारा निर्माण करतो असं कुठे लिहिण्याची गरज उरली नाही. सोहोमधल्या जेरार्ड स्ट्रीटवरचं त्याचं घर पाहिलं की पुढची पायरी कळते. घर भारदस्त पण रंग उडालेला, खिडक्या मळलेल्या, तीन काळपट तपकिरी खोल्या. भिंतीच्या लाकडी तक्त्यांवर कोरलेल्या फुलांच्या माळा आहेत, आणि त्यांचे फास पिपला कशासारखे दिसतात ते तो सूचकपणे सांगतो. कोपऱ्यात दिव्यासह कामाचं टेबल. कचेरी घरी आली आहे. या माणसाला खाजगी आयुष्यच नाही. सुगंधी साबणाने सारखे हात धुणं हाच त्याचा घर आणि कचेरी यांच्यामधला उंबरठा.

वेमिकचं वॉलवर्थचं घर याच्या नेमकं उलट उभं केलं आहे. पंचविसावं प्रकरण हा या कादंबरीतला सर्वात आनंदाचा भाग. पिपने पाहिलेलं हे सगळ्यात लहान घर, आणि त्याला किल्ल्याचं रूप दिलेलं: गॉथिक खिडक्या, त्यातल्या बऱ्याच खोट्या, आत शिरायला जेमतेम पुरेल इतकं दार, रविवारी चढणारा झेंडा, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल खंदक, त्यावर फळीचा पूल, जो ओलांडल्यावर वर ओढून घ्यायचा. रोज रात्री नऊला, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे, तोफ सुटते, कारण बहिऱ्या म्हाताऱ्या वडिलांना तेवढा आवाज ऐकू येतो आणि त्यांचा जीव हरखतो. मागे डुक्कर, कोंबड्या, ससे, काकडीचा वाफा. बारा यार्डांवरच्या मांडवाकडे जाणारी वाट इतकी वळणं घेते की पोहोचायला बराच वेळ लागतो. सुतार, प्लंबर, माळी सगळं वेमिक स्वतःच.

अनेक टिपणांत याचं सार ‘कचेरीतला कठोर वेमिक, घरातला प्रेमळ वेमिक’ असं दिलेलं असतं. ते खरं आहे पण अर्धं आहे. किल्ल्याच्या आत नीट पाहिलं तर वेमिकचा संग्रह दिसतो: ज्या लेखणीने गाजलेली खोटी सही झाली ती लेखणी, एक-दोन नामांकित वस्तरे, केसांच्या बटा, फाशीच्या कैद्यांचे हस्तलिखित कबुलीजबाब. न्यूगेट पूल ओलांडून घरात आलेलं आहे. चार फुटांचा खंदक त्याला अडवू शकलेला नाही. आणि सकाळी कचेरीकडे चालताना वेमिक पावलागणिक कोरडा, कठीण होत जातो, कचेरीच्या लिटल ब्रिटन या रस्त्यापर्यंत त्याचं तोंड पुन्हा टपालपेटीच्या फटीसारखं होतं. म्हणजे दोन जागांच्या मधला रस्ताही स्वभाव घडवतो. वेमिक भला माणूस आहे, पण त्याचा भलेपणा पत्त्यावर अवलंबून आहे, आणि ही किंमत डिकन्सने लपवलेली नाही.

याच्या विरुद्ध जो. सत्ताविसाव्या प्रकरणात तो पिपला भेटायला बार्नर्ड्स इनमध्ये येतो. टोपी कुठे ठेवावी हे कळत नाही, ती शेकोटीच्या फळीवरून सारखी पडते, तो प्रत्येक वेळी झेलतो. पिपला लाज वाटते. निघताना जो सांगतो की या कपड्यांत मी चुकीचा आहे. भट्टी, स्वयंपाकघर आणि दलदल सोडून बाहेर आलो की मी चुकीचा ठरतो. मला भट्टीच्या पोशाखात, हातात हातोडा असताना बघ, मग माझ्यात इतके दोष दिसणार नाहीत. कादंबरीच्या सगळ्या जागांमागचा नियम तिच्यातल्या सर्वात अडाणी माणसाने बोलून दाखवला आहे, आणि त्यात तक्रार नाही. या पानावर पिपचा राग येतो. यायला हवा, कारण प्रौढ पिपलाही तो आलेला आहे. पुढच्याच प्रकरणात पिप गावी जातो, पण लोहारशाळेत न उतरता ‘ब्लू बोअर’ खाणावळीत उतरतो आणि स्वतःला कारणं सांगत बसतो. मुक्कामाची जागा निवडणं हाही स्वभावच.

या सगळ्या जागांना एका सुताने बांधून वाचायचं असेल तर आगीचा माग काढावा. प्रत्येक ठिकाणी एवढंच टिपून ठेवायचं: उजेड किंवा शेक कुणाकडे आहे, तो कुणी पेटवला, कुणी नेला. जोच्या घरी शेकोटी राखणारा जो असतो. एस्टेला मेणबत्ती नेते. बेचाळिसाव्या प्रकरणात मॅग्विच आपली पहिली आठवण सांगतो: एसेक्समध्ये पोटासाठी सलगम चोरणारं पोर, आणि त्याला सोडून गेलेला एक कल्हईवाला, जो शेकोटीही सोबत घेऊन गेला आणि पोर गारठलं. बाप आणि मुलगी यांना ही ओळखही नाही. बापाचा शेक कुणीतरी हिरावला, मुलगी दुसऱ्याचा उजेड हिरावते. दोन प्रसंगांत चौतीस प्रकरणांचं अंतर आहे, म्हणून वही हवी.

मॅग्विचला स्वतःची जागाच नाही, हे त्याच्या चित्रणाचं मर्म आहे. थडग्यांमधून तो उठतो, नदीतल्या कैदी जहाजावर परत जातो, ऑस्ट्रेलियात मेंढपाळाच्या एकाकी झोपडीत राहतो आणि तिथे मेंढ्यांच्या तोंडांशिवाय काही दिसत नसताना पिपचा चेहरा पाहतो. एकोणचाळिसाव्या प्रकरणात तो टेंपल या लंडनच्या वकिलांच्या वस्तीतल्या पिपच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडी येतो, आणि पिपसाठी पैसा ठेवणारा अज्ञात माणूस मिस हॅविशॅम नसून हाच, हे उघड होतं. ती रात्र वाऱ्याची आहे, जिन्यातले दिवे विझलेले आहेत, नदीकाठचं घर समुद्रातल्या दीपगृहासारखं हादरतं आहे. पिपने दलदल मागे टाकली असं मानलं होतं, ती जिना चढून आली. पिप दिवा धरतो आणि खालून वर येणारा माणूस त्या उजेडाच्या वर्तुळात हळूहळू शिरतो. जागा, हवामान आणि स्वभाव यांचा इतका घट्ट वापर कादंबरीत दुसरीकडे नाही.

सॅटिस हाउसचा हिशेब एकोणपन्नासाव्या प्रकरणात पूर्ण होतो. मिस हॅविशॅम शेकोटीजवळ बसलेली असताना कपडे पेट घेतात. पिप आपले कोट आणि त्या टेबलावरचं कापड ओढून आग विझवतो, त्याबरोबर केकचा सडलेला ढीग खाली येतो आणि पिपचे हात भाजतात. मेल्यावर मला या टेबलावर ठेवतील असं ती अकराव्या प्रकरणात म्हणाली होती. जखमांवर उपचार करायला तिचं अंथरूण नेमकं त्या टेबलावर घातलं जातं.

आता उणिवा. तिसऱ्या टप्प्यातली मिल पाँड बँक, जिथे मॅग्विचला दडवतात, ती वाचकाच्या मनात उभी राहत नाही. दोरखंड वळायची जागा, मोडीत काढलेल्या जहाजांचे सांगाडे, वरच्या मजल्यावर ओरडणारा म्हातारा बार्ली, सगळं आहे, पण त्यातून मॅग्विचबद्दल नवीन काही कळत नाही. शेहेचाळिसावं प्रकरण भराभर वाचलं तरी चालतं. चुन्याच्या भट्टीजवळ जोचा जुना मजूर ऑर्लिक पिपला पकडतो तो प्रसंग (प्रकरण ५३) थरारक आहे, पण तिथली जागा ऑर्लिकपेक्षा कथानकाच्या सोयीसाठी आहे.

मोठी उणीव एस्टेलाची. तिला स्वतःची एकही खोली नाही. वाड्यात ती किल्ल्या आणि मेणबत्ती घेऊन फिरते, दारं उघडते, बंद करते. पुढे ती राहते ते लंडनजवळच्या रिचमंडचं घर चार ओळींत संपतं, आणि त्या ओळीही जुन्या काळच्या पावडर लावलेल्या केसांविषयी आहेत. ड्रमल या उद्धट श्रीमंत तरुणाशी लग्न झाल्यावर तिचं घर आपण पाहतच नाही. दुसऱ्याच्या सूडासाठी वाढवलेल्या मुलीला स्वतःचा कोपरा नसणं अर्थपूर्ण आहे असा बचाव करता येतो, आणि काही अंशी तो पटतोही. तरी नुकसान होतंच: जॅगर्सला भिंतीवरच्या डागातून ओळखणारा वाचक एस्टेलाला फक्त पिपच्या उसाशांतून ओळखतो.

कोणती प्रत घ्यावी? मूळ इंग्रजी मजकूर हक्कमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि वाचनाला पुरतो. अभ्यासासाठी टिपांची प्रत बरी, कारण कैदी जहाजं, टेंपल, न्यूगेट यांची माहिती हाताशी राहते. संक्षिप्त शालेय आवृत्त्या मात्र टाळाव्यात. संक्षेप करणारा घटना ठेवतो आणि वर्णनं कापतो. मग बंद कारखाना, धुक्यातला बैल, तेलकट भिंत, मांडवाची वळणदार वाट हे सगळं जातं. उरते ती पैशाची भानगड. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी संक्षिप्त प्रतीपेक्षा मूळ पुस्तकातली निवडक प्रकरणं घ्यावीत: १, ३, ८, ९, ११, १४, २०, २५, २६, २७, ३९, ४९, ५९. मधली कथा सारांशातून समजून घ्यावी. पूर्ण वाचणाऱ्यांनी आठवड्याला चार प्रकरणं धरली तर पंधरा आठवडे लागतात, आणि मूळ वाचकांना ३६ आठवडे लागले होते हे लक्षात घेता ही गती सुखाची आहे.

परीक्षेसाठी वाचणाऱ्यांची चूक बहुधा एकच असते. प्रत्येक वस्तूला एक अर्थ चिकटवला जातो: धुकं म्हणजे अज्ञान, घड्याळ म्हणजे थांबलेला काळ. पण धुकं दर वेळी वेगळं आहे. तिसऱ्या प्रकरणात ते आरोप करतं. एकोणिसाव्याच्या शेवटी, पिप गाव सोडताना, ते वर उठतं आणि जग समोर पसरतं, तेव्हा त्यात पिपचा भाबडा उत्साह आहे. शेवटच्या प्रकरणात संध्याकाळचं धुकं पुन्हा तसंच उठतं, आणि आता पाहणाऱ्याने बरंच गमावलेलं आहे. उत्तरात वस्तूचं नाव लिहिण्याआधी प्रकरण आणि पिपचं वय लिहावं, म्हणजे अर्थ आपोआप नेमका होतो.

शेवटाबद्दल. डिकन्सने आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ओझरते भेटतात. ती घोडागाडीत, त्याच्यासोबत जोचा लहान मुलगा, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. एडवर्ड बुलवर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्यावरून त्याने तो बदलला आणि भेट पाडलेल्या सॅटिस हाउसच्या बागेत नेली. बरेच समीक्षक पहिला शेवट अधिक खरा मानतात. जागांच्या दृष्टीने पाहिलं तर छापलेला शेवट वरचढ आहे. पिकॅडिली कुणाचीच नाही, तिथे कुणीही कुणालाही भेटू शकतं. बागेत मात्र घर गेलेलं आहे, कारखाना गेलेला आहे, फक्त जुनी भिंत उरली आहे. एस्टेलाच्या हाती राहिलेली ती एकमेव मालमत्ता आणि तीही आता बांधकामासाठी द्यायची आहे. पहिल्यांदाच ती एका जागेबद्दल स्वतःची म्हणून बोलते. वर नोंदवलेल्या उणिवेची थोडी भरपाई इथे होते, उशिरा का होईना. टिपांच्या अनेक प्रतींत मूळ शेवट परिशिष्टात दिलेला असतो. तो एकोणसाठावं प्रकरण पूर्ण करून मगच वाचावा.